एक खाच मागे

इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर अकोल्याच्या एका जुन्या वर्कशॉपात पोळ्याआधीच्या दिवसांत उभा आहे. पुढचा एक्सल लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेला, डावं चाक जमिनीपासून चार बोटं वर. मिस्त्री त्या चाकाला वरून आणि खालून धरतो, हलकेच हिसका देतो, आणि कुठूनतरी आतून ‘खट्’ असा बारीक आवाज येतो. आपण इंजिनाच्या धकधकीवर भाळणारी माणसं. या खटकडे कान देण्याची आपल्याला सवय नाही. पण आज जरा थांबू या.

महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये मिळून काढलेल्या कंपनीचं हे अपत्य, ब्रिटिश वळणाचं, ३५ अश्वशक्तीच्या आसपासचं. त्याच्या पुढच्या एक्सलकडे आधी दुरून पाहावं. तो अंगाला घट्ट जखडलेला नाही. मधल्या एकाच पिनेवर तराजूच्या दांडीसारखा झुलतो. वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. डावं चाक त्या धुऱ्यावर चढावं, उजवं तासात उतरावं, दांडी तिरपी व्हावी, आणि तरीही वर बसलेल्या माणसाचा तोल सहसा ढळू नये, ही त्या एका पिनेची किमया. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगून चाकाला लोण्यासारखी चिकटणारी पूर्णेकाठची काळी माती ज्याने तुडवली आहे, त्याला या झुलण्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

आता जवळ जाऊ. हबचं टोपण निघतं, आणि जळक्या ग्रीसचा कडवट वास येतो. ऑइल सील कधीच कडक होऊन फाटलेलं. त्या फटीतून चिखल आत शिरला आणि ग्रीसमध्ये कालवला गेला. आत मूळची शाई असावी असं ते मिश्रण काळंभोर दिसतं. काटपिन सरळ करून काढली, नट फिरवला, जीभ असलेली वॉशर सरकवली, की सबंध हब हातात येतो. बैलगाडीच्या चाकाला जो तुंबा, तोच इथे हब. पूर्वीची माणसं आसाला वंगण लावत, आज ग्रीस भरतो. शब्द बदलले, घासण्याची व्यथा तीच.

मिस्त्री बेअरिंग डिझेलमध्ये धुतो आणि उजेडाकडे धरतो. आपणही पाहावं. काही रोलरांवर सुईच्या टोकाएवढे खड्डे, कडेला तापलेल्या पोलादाची निळसर झाक. हे टॅपर रोलर बेअरिंग. त्याचे रोलर एका टोकाला किंचित निमुळते. त्यांच्या कडांच्या रेषा मनानेच पुढे वाढवत न्याव्यात, तर त्या सगळ्या चाकाच्या अक्षावरच्या एका बिंदूपाशी जाऊन मिळतात. म्हणूनच कोणताही रोलर घसटत नाही, सगळे निव्वळ लोळत जातात, आणि वरचं ओझं तसाच वळणावर आडवा येणारा रेटा, दोन्ही सोसतात. दिसत नाही असा तो बिंदू, आणि त्याच्या भरवशावर चालणारं सारं यंत्र! १८९८ मध्ये याचं पेटंट घेणारा हेन्री टिमकन अमेरिकेतला घोडागाड्या बनवणारा होता, हे कळल्यावर मला तर फार बरं वाटलं. म्हणजे हा दागिना मुळात गाडी घडवणाऱ्याच्याच घरचा.

बेअरिंगची जुनी कप, म्हणजे बाहेरची कडी, पितळी छिन्नीने चारी बाजूंनी आळीपाळीने ठोकत काढायची, आणि नवी बसवताना तिच्यावर घासून बारीक केलेली जुनीच कप ठेवून ठोकायची. निवृत्त झालेल्याने वारसाला गादीवर बसवावं तसं काहीसं. मग येतो माझा आवडता क्षण. मिस्त्री तळहातावर ग्रीसचा गोळा घेतो आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहतो, दाबत राहतो, वरच्या बाजूने रोलरांमधून ग्रीसच्या पिवळसर वाती डोकावेपर्यंत. यंत्राने हे काम होतं, असं सांगतात. पण तळव्याला जे कळतं, ते त्याचं त्यालाच.

सगळं जागच्या जागी गेलं, की हाती उरतो कॅसल नट. त्याच्या डोक्यावरचे दाते पाहिले, की नरनाळा किल्ल्याच्या तटावरच्या चर्या आठवतात. शिकाऊ पोरगा पाना घेऊन सरसावतो, दात-ओठ खाऊन आवळू लागतो, आणि मिस्त्री त्याच्या मनगटावर हात ठेवतो. “लय आवळू नोको बाप्पा, जळन ते.” मग तो स्वतः चाक फिरवत नट आवळतो, चाक जड झाल्याचं बोटांना कळताच थांबतो, आणि नट उलटा फिरवून एक खाच मागे आणतो. ती एक खाच! इतकं ठोकाठोकीचं काम त्या केसभर सैलपणासाठी झालं. सैल सोडलं तर पुन्हा खट्, घट्ट केलं तर बेअरिंग जळणार. दोहोंच्या मधली ही जागा गवयाच्या हरकतीइतकी नेमकी आहे.

काटपिन आत गेली, तिचे पाय दुमडले. टोपण बसलं. मिस्त्रीने चाकाला एक फिरकी दिली आणि एक्सलवर तळवा टेकवून कान लावला. चाक फिरत फिरत मंदावलं, थांबलं. ऐकू आलं ते काहीच नाही.

“आता दुसरं,” तो म्हणाला, आणि जॅक उजवीकडे सरकवला.