पूर्वसंशोधनाचा आढावा : प्रकाराची निवड आणि नामदेव-अभ्यास

तौलनिक साहित्याच्या अनेक प्रबंधांत पूर्वसंशोधनाचा आढावा ग्रंथसूचीच्या वळणाने लिहिला जातो. कोणी, केव्हा, काय लिहिले एवढे सांगून प्रकरण संपते. ग्रँट आणि बूथ यांनी २००९ मध्ये आढाव्याचे १४ प्रकार नोंदवले. त्यांतील कोणता आपल्या प्रश्नाला उपयुक्त, हा विचार मात्र क्वचितच होतो.

संत नामदेवांचे उदाहरण घेऊ. मराठी अभंग, हिंदी पदे आणि गुरू ग्रंथसाहिबातील ६१ पदे त्यांच्या नावावर आहेत. या सर्वांचा कर्ता एक की अनेक, हा प्रश्न घेऊन आढावा लिहायचा आहे.

व्याप्तिदर्शक आढावा कोणत्या भाषेत काय लिहिले गेले, याचा नकाशा देतो. प्रमाणांची तुलना करीत नाही. पद्धतशीर आढाव्यात निकष आधी जाहीर होतात, शोध इतरांना पडताळता येतो. ही शिस्त मोलाचीच आहे. परंतु हा प्रकार वैद्यकासारख्या क्षेत्रांत रुजला. तेथील निष्कर्ष बहुधा परस्परांशी मोजून पाहता येतात. नामदेव-अभ्यासात एकाचे प्रमाण हस्तलिखित, दुसऱ्याचे भाषारूप, तर क्रिस्टियन नोवेट्स्के यांच्या २००८ च्या ग्रंथात कीर्तन आणि लोकस्मृती यांना मध्यवर्ती स्थान. यांची बेरीज कशी करणार? शिवाय संगणकीय सूचींत इंग्रजी लेखन सहज सापडते. मराठी व पंजाबी नियतकालिकांतील चर्चा निसटते. मग ‘या विषयावर काम झालेले नाही’ असे विधान निर्धास्तपणे केले जाते आणि पूर्वसूरींचे श्रम नाहीसे होतात.

म्हणून येथे चिकित्सक आढावाच स्वीकारावा, असे माझे मत आहे. अभ्यासकांची मांडणी कालक्रमाने न करता त्यांच्या कर्तृत्वविषयक गृहीतकांनुसार करावी. म्हणजे मतभेद पुराव्याचा आहे की ‘कर्ता’ या संकल्पनेचा, हे उघड होईल. या प्रकारातही धोका आहेच. सोयीची मते निवडून चिकित्सेचा आभास निर्माण करता येतो. त्यावर उपाय पद्धतशीर आढाव्याकडूनच घ्यावा : कोणत्या भाषांत, कोणत्या वर्षापर्यंत शोध घेतला आणि काय वगळले, हे प्रकरणाच्या आरंभीच नोंदवावे. न वाचता आलेल्या भाषेची कबुली हा प्रबंधाचा दोष नव्हे. ती लपविणे हा दोष आहे.