वक्रपृष्ठांचे यंत्रण : आकाराचा गुळगुळीतपणा आणि गतीचा गुळगुळीतपणा

संगणक-नियंत्रित यंत्रावर वक्रपृष्ठ घडविण्याचा विषय अभियांत्रिकी महाविद्यालयांत सामान्यतः दोन स्वतंत्र प्रकरणांत शिकविला जातो. एकात बेझियर व बी-स्प्लाइन वक्रांचे गणित येते, दुसऱ्यात जी-कोड. हत्यार प्रत्यक्षात कसे चालते, हा प्रश्न दोहोंच्या मध्ये निराधार राहतो. ही उणीव केवळ अध्यापनाची नव्हे. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर पट्ट्यातील टूलरूममध्ये प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे घडतात आणि साच्यावर राहिलेला बारीकसा पैलूही वस्तूवर जसाच्या तसा उमटतो. तो घालविण्यासाठी कारागिराला पॉलिशचा दगड व डायमंड पेस्ट हाती घ्यावी लागते. यंत्राने मिळविलेली अचूकता मग हाताने घासली जाते.

हे पैलू येतात कोठून? आयएसओ ६९८३ या १९८२ च्या प्रमाणकातील जी-कोड ही मुख्यतः सरळ रेषा व वर्तुळखंड यांची भाषा आहे. मुक्त वक्र तीत उतरवायचा तर त्याचे तुकडे करावे लागतात. ५० मिमी त्रिज्येच्या वळणावर ०.०१ मिमी सहनसीमा ठेवल्यास तुकडा सुमारे २ मिमीचा येतो आणि प्रत्येक सांध्यावर दिशा २.३ अंशांनी वळते. फीड मिनिटाला ६००० मिमी असल्यास असे ५० सांधे एका सेकंदात येतात. नियंत्रक एक तर वेग कमी करतो, नाही तर कोपरा गोल करतो. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात माप. सहनसीमा दहापट कडक केली तरी कोन सुमारे एकतृतीयांशच होतो, नाहीसा होत नाही.

स्पर्शिका जुळली की मार्ग गुळगुळीत झाला, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. त्याच फीडने सरळ रेषेतून ५० मिमी त्रिज्येच्या चापात शिरताना पार्श्व त्वरण शून्यावरून एकदम २०० मिमी प्रति वर्ग सेकंद व्हावे लागते. यंत्राला ते शक्य नसते. परिणामी ते हादरते. स्थापत्य विभागात रेल्वेच्या वळणासाठी संक्रमण वक्र आवर्जून शिकविला जातो. त्याच इमारतीतील यंत्र विभागात मात्र त्याचा उल्लेखही सहसा होत नाही, हे नवलच.

स्प्लाइन थेट नियंत्रकास दिल्याने प्रश्न सुटतो असेही नाही. प्राचलाच्या समान पावलांनी समान अंतर कापले जात नाही, त्यामुळे फीड आपोआप खालीवर होतो. फारूकी व सक्कालिस यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पायथागोरीय होडोग्राफ वक्रांत चापलांबी प्राचलाची बहुपदी असते. वक्राच्या आकाराबरोबर गतीचाही विचार त्यात आहे. पाठ्यपुस्तकांत त्यांना क्वचितच जागा मिळते.

प्रात्यक्षिकासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. एकच चाप २ मिमीच्या तुकड्यांनी, ०.६३ मिमीच्या तुकड्यांनी आणि जी०२ आज्ञेने कापावा. आज्ञेतील फीडवरून काढलेला वेळ व घड्याळातील वेळ शेजारी लिहावेत आणि तिन्ही पृष्ठांवरून नख फिरवून पाहावे.