‘तीव्रता’ या संज्ञेची संदिग्धता

‘प्रकाशाची तीव्रता वाढली की फोटॉनांची संख्या वाढते’ हे विधान अध्यापनात इतके रुळले आहे की त्यातील अध्याहृत अट सहसा ध्यानी येत नाही. ती अट तरंगलांबी कायम राखण्याची होय. प्रखर प्रकाशाने अधिक इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, पण त्यांची कमाल ऊर्जा वाढत नाही, हे लेनार्ड याने १९०२ मध्ये दाखविले. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये त्याची उपपत्ती प्रकाशपुंजांच्या कल्पनेने लावली. या विवेचनात ती अट गृहीतच असते. पुढे विधान सुटे होऊन पाठ्यपुस्तकांत आले आणि अट गळाली.

तीव्रता म्हणजे एकक क्षेत्रावर दर सेकंदास येणारी ऊर्जा. तिला तरंगलांबीने गुणून, प्लांकचा स्थिरांक व प्रकाशवेग यांच्या गुणाकाराने भागले म्हणजे त्याच क्षेत्रावर दर सेकंदास येणारी फोटॉनसंख्या मिळते. तीव्रता दर चौरस मीटरला १ वॉट धरल्यास ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशासाठी ही संख्या १० च्या १८ व्या घाताच्या २.२७ पट, तर ६६० नॅनोमीटरच्या तांबड्यासाठी ३.३२ पट येते. शेरभर बाजरीत व शेरभर हरभऱ्यात दाणे सारखे नसतात, तसाच हा प्रकार आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. प्रकाशसंश्लेषण फोटॉनांच्या संख्येवर चालते. ‘समान तीव्रते’च्या निळ्या व तांबड्या प्रकाशात वाढविलेल्या रोपांची तुलना करताना तांबड्याला सुमारे ४७ टक्के अधिक फोटॉन मिळालेले असतात. तेव्हा तांबड्याचे श्रेष्ठत्व निष्कर्षात उतरले, तर ते कितपत वनस्पतीचे आणि कितपत परिभाषेचे, हा प्रश्न उरतोच.

लक्समधील आकड्यालाही ‘तीव्रता’च म्हटले की घोटाळा वाढतो. लक्स हे एकक मानवी दृष्टीवर बेतलेले असून ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला त्यात सर्वाधिक महत्त्व मिळते. वर्णपट ठाऊक नसता त्यावरून फोटॉन मोजता येत नाहीत. मिश्र प्रकाशात तर प्रत्येक तरंगलांबीचा हिशेब वेगळा करून बेरीज घ्यावी लागते.

एक शब्द तीन राशींना वाहून नेऊ शकत नाही. ‘ऊर्जा-तीव्रता’, ‘प्रदीपन’ व ‘फोटॉन-प्रवाह’ असा भेद प्रबंधलेखनात पाळला जावा आणि प्रत्येक आकड्यासह एकक व तरंगलांबी नोंदली जावी. अट वाक्यात उच्चारली गेली, तरच ती गणितात टिकते.