सहा हजार पत्रं आणि दोन चांदण्या

आजचा विषय ऐकून समोर बसलेल्या काही जुन्या विद्यार्थ्यांच्या भुवया वर गेल्या, त्या मला इथून दिसल्या. कांट शिकवणारे सर आता कार्टूनवर बोलणार! (हशा) बोलणार आहे, आणि कांटला बरोबर घेऊनच बोलणार आहे.

नाताळच्या सुट्टीत मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात पुण्याहून इथे सोलापूरला आली होती. पंचवीस डिसेंबरच्या रात्री नातीने आम्हा सगळ्यांना टीव्हीपुढे बसवलं आणि 'क्लाउस' लावला. सर्जिओ पाब्लोस या स्पॅनिश दिग्दर्शकाचा हा २०१९ चा चित्रपट. आकृत्या हाताने काढलेल्या, पण त्यांच्यावर पडणारा उजेड आणि सावली संगणकाच्या मदतीने अशी बसवली आहे की कंदिलाची ऊब अंगाला लागावी. २०२० मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. नाताळचा चित्रपट म्हणावा, तर येशूजन्माची कथा त्यात नाही. एकोणिसाव्या शतकापासून आपल्या सोलापुरात जो नाताळ साजरा होतो, उपासना, गाणी, शेजारी पोचणारं फराळाचं ताट, तो या पडद्यावर शोधू नये. हा सांताक्लॉज कसा घडला याची कल्पित गोष्ट आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो. जेस्पर हा टपाल खात्याच्या बड्या अधिकाऱ्याचा लाडावलेला, आळशी मुलगा. बाप त्याला उत्तरेकडच्या एका बर्फाळ बेटावर पोस्टमन म्हणून पाठवतो. अट अशी, की वर्षभरात सहा हजार पत्रं गोळा कर, नाहीतर इस्टेट विसर. बेटावर दोन घराण्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. आपल्याकडे भावकीत बांधावरून असतं तसंच, फक्त इथे बांध कुठला हेही कुणाला आठवत नाही. पत्र लिहिणार कोण? मग जेस्परला क्लाउस नावाचा एकटा राहणारा म्हातारा लाकूडतोड्या सापडतो. त्याच्याकडे खेळण्यांचा साठा आहे. क्लाउसला पत्र लिहा, खेळणं मिळेल, असं जेस्पर मुलांना सांगतो. एका वात्रट पोराला तो दमही देतो, की क्लाउसला सगळं कळतं. मुलं लिहायला शिकतात, शेजाऱ्यांची छोटीमोठी कामं करू लागतात, त्यातून मोठ्यांचं वैर सैल होत जातं. सगळ्याच्या मुळाशी काय आहे? जेस्परचा स्वार्थ, मुलांचा लोभ आणि थोडी भीती.

चित्रपटाचं म्हणणं असं, की हेतू कसाही असो, चांगली कृती दुसऱ्या चांगल्या कृतीला जन्म देते. हे म्हणणं पोरकट नाही. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की न्यायाची कृत्यं करता करताच माणूस न्यायी होतो. आणि माझाच अनुभव सांगतो. लहानपणी वडील म्हणत, तिसापर्यंत पाढे पाठ कर, मग सिद्धेश्वराच्या गड्ड्याला नेतो. पाळण्याच्या आणि भिरभिऱ्याच्या लोभाने मी पाढे पाठ केले. भिरभिरं दोन दिवसांत मोडलं, एकोणतिसाचा पाढा आजही येतो. लोभ गळून गेला, पाढा राहिला.

आता कांट. १७८५ च्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या छोट्या ग्रंथात तो एका दुकानदाराचं उदाहरण देतो. हा दुकानदार लहान मुलालाही फसवत नाही, सगळ्यांना एकच भाव लावतो. का? तर धंद्याचं नाव टिकावं म्हणून. कांट म्हणतो, त्याची कृती कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यबुद्धीतून आलेली नाही. म्हणून तिला नैतिक मूल्य नाही. वर्गात हे सांगितलं की कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, पण पोराला माल योग्य भावात मिळाला ना?" प्रश्न रास्त आहे. मिळाला.

'क्लाउस' पाहताना मला जाणवलं, की आपण दोन प्रकारच्या चांगल्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. काही गोष्टींत हेतू आणि फळ वेगळे काढता येतात. योग्य भाव, पाठ झालेला पाढा, मुलाच्या हाती आलेलं खेळणं, मिटलेलं भांडण, यांत हेतू हा शिडीसारखा असतो, वर चढल्यावर काढून घेतला तरी चालतो. पण मैत्री, प्रेम, आपुलकी यांत हेतू हाच वस्तूचा भाग असतो. तो काढला तर शिडी जात नाही, घरच जातं.

आणि हे या चित्रपटाला ठाऊक आहे. उत्तरार्धात दोन्ही घराण्यांचे म्होरके कपटाने पत्रांचा ढीग पाठवतात, जेस्परचे वडील खूश होऊन बेटावर येतात, आणि सहा हजार पत्रांची अट क्लाउस आणि शिक्षिका अल्वा यांच्यापुढे उघडी पडते. नीट पाहा. एकही खेळणं मोडलेलं नाही, एकाही मुलाचं नुकसान झालेलं नाही. फळाचाच हिशेब मांडायचा तर कुणाचं काहीच गेलेलं नाही. तरी त्या दोघांचे चेहरे उतरतात. काय गेलं? जी मैत्री आहे असं वाटत होतं, ती होती की नव्हती हेच आता कळत नाही.

इथपर्यंत मी निवांत होतो. तेवढ्यात नात म्हणाली, "आजोबा, मलापण असंच मिळतं. तुम्हाला फोन केला की दोन चांदण्या."

त्यांच्या घरी फ्रिजवर एक तक्ता आहे. दात घासले, एक चांदणी. पसारा आवरला, एक चांदणी. रविवारी आजोबांशी बोललं, दोन. वीस चांदण्या झाल्या की खेळणं. (हशा) तुम्ही हसलात, मीही हसलो. पण त्या रविवारच्या फोनची मी शनिवारपासून वाट पाहत असतो. रात्री झोप लागेना. आमच्या सौभाग्यवतींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही पगार घेऊनच शिकवत होतात ना? पोरांनी कधी तोंड पाडलं का?"

हा आक्षेप कांटवरच्या आक्षेपापेक्षा अवघड आहे. पगार मला वर्गापर्यंत नेत होता, हे खरंच. पण तास संपल्यावर एखादा मुलगा जिन्यात थांबवून घरची अडचण सांगायचा, तेव्हा मी पगारासाठी ऐकतोय असं त्याला कळलं असतं तर? त्याला वाईट वाटलं असतं. म्हणजे एकाच नात्यात दोन्ही प्रकार असतात, आणि पहिल्यातून दुसरा उगवूही शकतो. चित्रपटात मार्गू ही छोटी सामी मुलगी आहे. तिची भाषा जेस्परला कळत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला तो प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. तिच्यासाठी घसरगाडी बनवायला जेस्पर स्वतः हातात हत्यारं घेतो, आणि तिचा आनंद पाहताना पत्रांचा हिशेब विसरतो. मला तो सगळ्या चित्रपटातला सर्वांत खरा क्षण वाटतो, कारण तिथे उपदेश नाही.

माझी तक्रार दोन ठिकाणी आहे. एक, जेस्परला हेतूचा जाब विचारणारा चित्रपट मुलांना तो विचारतच नाही. खेळणी बंद झाली तर ती शेजाऱ्यांच्या दारी जातील का? जणू मुलांना अंतःकरण नसतं, फक्त सवयी असतात. चांदण्यांचा तक्ता याच समजुतीवर चालतो. दात घासायला तो ठीक आहे. माणसांना त्यावर लिहू नये, असं मी मुलाला आणि सुनेला सांगितलं. दोन, मैत्री तुटल्यावर ती पुन्हा जुळवणं हे सर्वांत कठीण काम, आणि चित्रपट ते पाठलागाच्या धांदलीत उरकतो. जेस्पर वडिलांबरोबर न जाता बेटावर राहतो, हे मोलाचं आहे. पण क्लाउस आणि अल्वा त्याच्यावर पुन्हा विश्वास कसा ठेवतात, याला वेळ द्यायला हवा होता.

गेल्या रविवारी फोन आला. तक्ता बदलला का, हे मी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही, असं म्हणा. तिनेच विचारलं, "आजोबा, त्याचे बाबा आले नसते, तर त्याने त्यांना खरं सांगितलं असतं का?" मी म्हणालो, "मला नाही सांगता येत. तुला काय वाटतं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सांगितलं असतं, पण उशिरा."

चाळीस वर्षं शिकवून मला यापेक्षा बरं उत्तर सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं असेल तर प्रश्नोत्तरात जरूर सांगा.