तक्त्याचे नाव आणि अक्षरांचा लहानमोठेपणा

रोमन लिपीत प्रत्येक अक्षराची दोन रूपे आहेत, एक मोठे व एक लहान. वाक्यारंभी वा विशेषनामाच्या आरंभी मोठे रूप योजण्याचा संकेत असला, तरी त्यामुळे शब्द सहसा बदलत नाही. हा भेद बहुतांशी अर्थभेदक नाही. संगणकाला मात्र ही दोन स्वतंत्र चिन्हे होत. आस्की संकेतावलीत मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, तर लहान ‘ए’चा ९७ आहे. त्यामुळे माहितीसंग्रहातील तक्त्याचे, म्हणजे व्यवहारात ज्याला टेबल म्हणतात त्याचे, नाव दोन ठिकाणी दोन रूपांनी लिहिले गेले, तर ते नाव एक मानावे की दोन, असा प्रश्न उपस्थित होतो.

एसक्यूएल या भाषेच्या प्रमाणाने याचे उत्तर दिलेले आहे. अवतरणचिन्हांवाचून लिहिलेले नाव मोठ्या अक्षरांत बदलून घ्यावे. दुहेरी अवतरणातील नाव मात्र जसेच्या तसे घ्यावे. या व्यवस्थेला जवळचा दृष्टांत पाणिनीच्या अष्टाध्यायीत सापडतो. तेथे नुसता ‘अ’ आपल्या सवर्णांचे, म्हणजे दीर्घ ‘आ’चेही, ग्रहण करतो, पण तकार जोडून ‘अत्’ म्हटले, की केवळ ऱ्हस्वाचेच ग्रहण होते. अवतरणचिन्ह या तकाराचेच कार्य करते. भेद इतकाच, की पाणिनीची परिभाषा पहिल्याच अध्यायात सांगितलेली असून ती पुढील शास्त्राला सारखीच लागू पडते. या प्रमाणाचे तसे झाले नाही.

ओरॅकलने प्रमाणाचा नियम पाळला. पोस्टग्रेएसक्यूएल नेमके उलट, म्हणजे नाव लहान अक्षरांत बदलून घेते, आणि हे प्रमाणाशी विसंगत असल्याचे आपल्या माहितीपुस्तिकेत मान्यही करते. तथापि या दोहोंत निदान एक निश्चित नियम आहे. मायएसक्यूएलची गोष्ट निराळी. तेथे तक्ता फाइलच्या रूपाने साठविला जातो, आणि नावातील लहानमोठेपणा मानावयाचा की नाही, हे खालील कार्यप्रणालीवरून ठरते. मूळ मांडणीत लिनक्सवर तो मानला जातो, विंडोजवर मानला जात नाही. स्तंभांच्या नावांत मात्र तो कोठेच मानला जात नाही. परिणामी लिनक्सवर एकाच वाक्यात दोन नामांना दोन नियम लागू होतात. ही वर्तणूक बदलण्याची सोय आहे. परंतु २०१८ साली आलेल्या ८.० या आवृत्तीपासून तो निर्णय सर्व्हरची प्रथम उभारणी करतानाच घ्यावा लागतो.

शब्दाचा अर्थ तो कोणत्या कागदावर लिहिला आहे यावरून ठरावा, तसाच हा प्रकार आहे. विंडोजवर रचलेली बोलीशब्दांची नोंदणी लिनक्सवर नेली आणि ‘तक्ता सापडत नाही’ एवढेच उत्तर आले, तर हानी अल्प. चूक निदान दिसते. पण नसलेला तक्ता आपणच निर्माण करणारा कार्यक्रम असेल आणि त्यात नाव दोन रूपांनी लिहिलेले असेल, तर काही शब्द एका तक्त्यात व काही दुसऱ्यात जातात. मोजणी चुकते, आणि चुकल्याचे कोणतेही चिन्ह उरत नाही. संशोधनाच्या दृष्टीने हा दोष गंभीर होय.

देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत, म्हणून मराठी नावे या दोषातून सुटतात, असे कोणास वाटेल. ते खरे नाही. यूनिकोडमध्ये ‘ऱ’ हा वर्ण एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ व नुक्ता या दोन चिन्हांनीही. डोळ्यांस दोन्ही सारखेच. ज्या प्रणालीत या लेखनांचे एकरूपीकरण होत नाही, तेथे ‘गिऱ्हाईक’ या नावाचे दोन भिन्न तक्ते नांदू शकतील. रोमन नावांत निदान भेद दिसतो. येथे तो दिसतही नाही.

सर्व नावे लहान अक्षरांत लिहावीत व अवतरणचिन्हे टाळावीत, हा जाणत्यांचा परिपाठ उपयुक्त आहे. पण तो पथ्य आहे, औषध नव्हे. दोन लेखने एकच नाव केव्हा होतात, हा निर्णय भाषेच्या व्याकरणाचा आहे. तो फाइलींच्या व्यवस्थेवर सोपविणे म्हणजे व्याकरणाने आपले पहिलेच काम टाळणे होय.