ठसा जुळला, पुढे काय?

मंडळी, आज टीका करायची आहे ती कायद्यासोबत छापलेल्या एका नमुन्यावर. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 हा 1 जुलै 2024 पासून लागू झाला. त्याच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं, त्यात हॅश नोंदवावा लागतो. हे चांगलंच झालं. हॅश म्हणजे मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा. एसएचए-256 या पद्धतीत मजकूर एका ओळीचा असो की ग्रंथभर, ठसा 64 चिन्हांचाच; आणि एक अनुस्वार गळला तरी तो पार बदलतो.

पण त्या नमुन्यात एसएचए-256 च्या शेजारी एमडी-5 आणि एसएचए-1 यांचेही रकाने आहेत. आता बघा, दोन वेगळ्या मजकुरांचा एकच ठसा एमडी-5 मध्ये 2004 साली दाखवला गेला, एसएचए-1 मध्ये 2017 साली. मग 2023 च्या कायद्यात हे रकाने कशाला?

कुणी म्हणेल, दुसऱ्याच्या तयार दस्ताशी जुळणारा खोटा दस्त बनवणं अजून जमलेलं नाही. मान्य. पण दोन्ही दस्त एकाच लबाडाने आधीच जोडीने बनवले तर? एक सहीला ठेवला, दुसरा कोर्टात दिला. ठसा जुळतोच की!

'हे तेच आहे' आणि 'हे खरं आहे' ही दोन वेगळी विधानं. हॅश साक्ष देतो ती फक्त पहिल्याची. तीही कच्ची असेल, तर न्यायाधीशांनी विसंबायचं कशावर?