वळते, पण कळत नाही

एखाद्या कलाकृतीविषयी लिहिताना आपला टीकाकार कथानक, स्वभावचित्रण, वातावरण यांचा हिशोब चोख मांडतो. परंतु ती कृती हाताळायला शिकताना रसिकाचे काय होते, याविषयी तो सहसा बोलत नाही. कादंबरीच्या बाबतीत हे चालून जाते. वाचायला आपण लहानपणीच शिकलेलो असतो आणि शिकताना पडलेले कष्टही विसरून गेलेलो असतो. संगणकावरील अवकाशयुद्धाच्या खेळाचे तसे नाही. तेथे बाराखडी नव्याने गिरवावी लागते आणि ती गिरवल्यावाचून पहिले पानही उलटत नाही. ‘एक्स-विंग’ (१९९३) आणि ‘टाय फायटर’ (१९९४) या दोन खेळांविषयी मला जे म्हणायचे आहे ते या बाराखडीविषयीच आहे. त्यांच्या कथा सामान्य आहेत. त्यांचे खरे म्हणणे कळांच्या मांडणीत आहे, असे माझे मत आहे.

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहे आणि कादंबऱ्या लिहितो. मुलांच्या हाताला वळण लावणे हा माझा रोजचा धंदा. हाताला लागलेले वळण मनाचे काय करते, हा प्रश्न मला वर्गातही पडतो आणि लिहायला बसल्यावरही पडतो. या दोन खेळांनी तो प्रश्न जितक्या स्पष्टपणे विचारला आहे, तितका फार थोड्या पुस्तकांनी विचारला असेल.

दोन्ही खेळ ‘स्टार वॉर्स’ या १९७७ साली आलेल्या चित्रपटाच्या विश्वातले. लुकासआर्ट्स या अमेरिकन कंपनीने ते प्रसिद्ध केले. लॉरेन्स हॉलंड आणि एडवर्ड किलहॅम हे त्यांचे प्रमुख कर्ते. २०१४ साली ते आजच्या संगणकांवर चालतील अशा रूपात पुन्हा विक्रीस आले. ‘एक्स-विंग’मध्ये आपण साम्राज्याविरुद्ध उठलेल्या बंडखोरांचे वैमानिक असतो. ‘टाय फायटर’मध्ये आपण त्याच साम्राज्याच्या नोकरीत असतो.

आता ‘एक्स-विंग’ची बाराखडी पाहू. एक हात जॉयस्टिकवर, दुसरा कळफलकावर. वेगासाठी चार कळा: पूर्ण, दोन-तृतीयांश, एक-तृतीयांश आणि थांबा. एक्स ही कळ दाबली की चार लेसर तोफा एकेक, दोन-दोन किंवा चारही एकदम सुटू लागतात. एस या कळीने विमानाभोवतीच्या ढालीचे बळ पुढे, मागे किंवा दोन्हीकडे सारखे वाटता येते. एफ ९ ने लेसर भरण्याचा दर ठरतो आणि एफ १० ने ढाल भरण्याचा. खरी मेख येथे आहे. विमानातील शक्ती एकच आणि तिचे वाटेकरी तीन: तोफा, ढाल आणि इंजिन. तोफांना जास्त दिले की वेग मंदावतो. ढालीला दिले तरी मंदावतो. वेग हवा तर तोफा रित्या राहतात. पगाराच्या दिवशी वाणी, दूधवाला आणि मुलांची फी यांच्यात नोटा वाटणाऱ्या गृहस्थाला हे गणित वेगळे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की येथे ते क्षणाक्षणाला आणि गोळ्यांच्या वर्षावात सोडवायचे असते.

हे सारे माहितीपुस्तिका वाचून अर्ध्या तासात कळते. वळायला मात्र कित्येक दिवस लागतात. त्यासाठी खेळात सरावाचे एक मैदानच दिले आहे. अवकाशात तरंगणारे फलाट, त्यांवरच्या चौकटी, आणि घड्याळ चालू असताना त्या चौकटींतून विमान काढायचे. आपल्या भाषेत ‘कळते, पण वळत नाही’ अशी एक तक्रार आहे. या मैदानावर तिचा अर्थ बोटांना समजतो. चौकट समोर दिसत असते, वेग कमी केला पाहिजे हेही ठाऊक असते, आणि विमान तरीही बाजूने निघून जाते. मग एके दिवशी बोट आपण होऊन कळीवर जाते. विचार मागाहून येतो. पाटीवर ‘श्री’ गिरवणाऱ्या पोराचा हात असाच एके दिवशी सुटतो. त्या क्षणी जो आनंद होतो तो कलेचाच आनंद आहे. त्याला दुसरे नाव देण्याचे मला कारण दिसत नाही.

शास्त्र जाणणारा वाचक येथे एक आक्षेप घेईल. अवकाशात इंजिन मंद केले म्हणून यान थांबत नाही. न्यूटनचा पहिला नियम आडवा येतो. या खेळांत मात्र यान थांबते. याचे कारण त्यांच्या वंशावळीत आहे. मूळ चित्रपटातील अवकाशयुद्धांसाठी जॉर्ज लुकासने दुसऱ्या महायुद्धातील विमानयुद्धांची चित्रफीत नमुना म्हणून वापरली होती. हॉलंडनेही आधी त्याच युद्धावरचे खेळ केले होते: ‘बॅटलहॉक्स १९४२’ (१९८८), ‘देअर फायनेस्ट अवर’ (१९८९) आणि ‘सीक्रेट वेपन्स ऑफ द लुफ्तवाफे’ (१९९१). त्यांतल्या पहिल्यात खेळणारा अमेरिकेच्या बाजूने लढू शकतो आणि जपानच्याही. त्या युद्धातील जपानचे ‘झीरो’ विमान हलके, चपळ आणि लांब पल्ल्याचे होते. पण वैमानिकामागे चिलखत नाही आणि गोळी लागली तर आपोआप बुजणारी पेट्रोलची टाकी नाही. समोरच्या अमेरिकन ‘वाइल्डकॅट’ला या दोन्ही गोष्टी होत्या. कोणते राज्य आपल्या माणसाच्या जिवाची किती किंमत करते, हे त्याच्या विमानाचा पत्रा सांगतो.

हे ध्यानात ठेवून ‘टाय फायटर’ उघडावा. ‘एक्स-विंग’मध्ये शिकलेला हात येथेही तसाच चालतो. वेगाच्या कळा त्याच, तोफांची तीच. पहिल्या चकमकीत मागून मारा होतो आणि हात सवयीने ढालीकडे जातो. ढाल वाढत नाही, कारण या विमानाला ढालच नाही. दोन-चार तडाख्यांत सारे संपते. बंडखोरांनी आपल्या प्रत्येक वैमानिकाला पहिल्या दिवशी जे दिले, ते साम्राज्याने दिलेले नाही. यावर पडद्यावर कोणी भाष्य करीत नाही, कोणी पात्र हळहळत नाही. एक कळ मुकी आहे, एवढेच. जुलमी राजवटीवर मी पुष्कळ व्याख्याने ऐकली. त्यांतले एकही या मुक्या कळीइतके मर्मी लागले नाही.

याहून बारीक कारागिरी पुढे आहे. काही मोहिमा पार पडल्यावर साम्राज्य आपल्याला ‘असॉल्ट गनबोट’ देते, नंतर ‘टाय अ‍ॅडव्हान्स्ड’, शेवटी ‘टाय डिफेंडर’. या विमानांना ढाल असते. पहिल्यांदा ती कळ बोलू लागते तेव्हा खेळणाऱ्याच्या मनात काय येते? कृतज्ञता. जे मुळात हक्काचे होते ते बक्षीस म्हणून हाती पडते आणि आपण देणाऱ्याला मनोमन नमस्कार करतो. दरम्यान आपण दोन भांडणाऱ्या जमातींत ‘शांतता’ प्रस्थापित केलेली असते. अधिकाऱ्याने सांगितलेल्या कामाखेरीज डोक्यावर टोपडे ओढलेल्या एका गूढ इसमाची गुप्त कामेही केलेली असतात आणि त्याबद्दल आपल्या हातावर सम्राटाच्या गुप्त मंडळाचे गोंदण उमटलेले असते. आता म्हण उलटी झाली. वळते, पण कळत नाही.

कोणी म्हणेल, विमानांना ढाल नसणे हे त्या विश्वाचे आधीच ठरलेले वर्णन होते आणि चांगली विमाने मागाहून देणे ही खेळ रंगवण्याची नेहमीची युक्ती. कर्त्यांच्या मनात नसलेला अर्थ मास्तर काढीत आहेत. असेलही. ओवी रचणाऱ्या बाईने जात्याच्या गतीचा सिद्धांत मांडलेला नसतो. म्हणून ती गती ओवीत नसते काय? कर्त्याच्या हेतूची साक्ष काढण्यापेक्षा कृती रसिकाच्या ठिकाणी काय घडवते ते पाहणे, हेच टीकेचे काम आहे.

दोष दाखवायचा तर दुसराच दाखवता येईल. ‘टाय फायटर’मध्ये ‘नाही’ म्हणण्याची कळ नाही. हुकूम मोडला तर मोहीम फसली एवढाच निकाल मिळतो. कादंबरीतले पात्र हुकूम पाळता पाळता मनात शंका घेऊ शकते आणि लेखक त्या शंकेला दोन पाने देऊ शकतो. येथे शंकेला जागा ठेवलेली नाही. ती खेळणाऱ्याने बाहेरून, यंत्र बंद केल्यावर, स्वतःच्या पदरची घालायची. पुष्कळजण घालणार नाहीत, आणि कृती त्यांना हटकणार नाही. ही तिची मर्यादा मी मान्य करतो. तरीही दोहोंत ‘टाय फायटर’च मला श्रेष्ठ वाटतो. ‘एक्स-विंग’ आपल्याला कुशल करतो. ‘टाय फायटर’ तेच कौशल्य कोणाच्या पदरी बांधले गेले हे दाखवण्याची सोय करून ठेवतो आणि पाहायचे की नाही ते आपल्यावर सोपवतो.

शिक्षकाला यात धडा आहे, आणि तो सुखाचा नाही. पाढे, रांगा, सावधान-विश्राम, शुद्धलेखन हे सारे आम्ही मुलांच्या हातापायांत आधी घालतो आणि अर्थ मागाहून येईल असे समजतो. मागाहून येतोच असे नाही. वळण लावल्यावाचून कोणतीही विद्या येत नाही, हे मी वीस वर्षे शिकवून जाणतो. पण ज्या हाताला आपण वळण लावले, त्याला कोणती कळ दिलेली नाही हे विचारायलाही शिकवले पाहिजे. आमच्या अभ्यासक्रमात हा धडा अजून नाही.